करेज पुन्हा बघताना: भीती कुठं दडलीय ते हुडकायचं असेल तर

खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय. लहानपणी शाळेतून आलं की दप्तर टाकून कार्टून नेटवर्कवर 'करेज द कावर्डली डॉग' बघायच्या, तो करेज नावाचा गुलाबी कुत्रा, प्रेमळ म्हातारी म्युरियल, तिचा खडूस नवरा युस्टेस. रात्री अंथरुणात भीती वाटायची तरी दुसऱ्या दिवशी परत तेच लावायच्या. आता पोरगं आठ वर्षांचं झालंय, त्याला घेऊन परत बघावं म्हणतात, पण धाकधूक आहे की आता बघून बालिश वाटलं तर आठवणीचीपण वाट लागायची. आणि दुसरं, पोराला रात्री झोप लागेल का.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे, बालिश वाटणार नाही, उलट जास्त आवडेल. दुसऱ्याचं उत्तर कुठले भाग दाखवताय त्यावर आहे, ते खाली सांगतो. मी बरीच वर्षं पुण्यात ॲनिमेशन स्टुडिओत बॅकग्राउंड आणि स्टोरीबोर्डचं काम केलं, आता इथं बेळगावात टिळकवाडीत पोरांना चित्रकला आणि थोडंफार ॲनिमेशन शिकवतो, आणि ही मालिका मी शिकवायला म्हणून इतक्यांदा लावलीय की माझ्या घरचे वैतागलेत. त्यामुळं लांबलचक लिहितोय, सवडीनं वाचा.

आधी थोडी माहिती, कारण लहानपणी आपण नावं कुठं वाचतो. ही मालिका जॉन डिलवर्थ या माणसाची, न्यूयॉर्कमधला त्याचा छोटासा स्टुडिओ, स्ट्रेच फिल्म्स. १९९६ ला त्याची एक शॉर्ट, म्हणजे छोटी फिल्म, टीव्हीवर आली, अंतराळातून कोंबडी येते अशी, तिला ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, त्यातनं मग १९९९ ते २००२ अशी मालिका झाली, ४ सीझन, ५२ एपिसोड, आणि बहुतेक एपिसोडमध्ये अकराएक मिनिटांच्या दोन गोष्टी. म्हणजे ज्या गोष्टीला आपण लहानपणी एवढं भ्यायलो ती अकरा मिनिटांत संपायची! हे आठवणीत राहत नाही, आठवणीत ती तासभराची असते.

आता मुद्द्याचं. या मालिकेतली भीती राक्षसात नाहीच. राक्षस बघून तुम्ही आता हसाल, काही तर खरंच थर्माकोलचे वाटतील. भीती ठेवलीय रिकाम्या जागेत, घराच्या भोवतीनं जी मोकळी जमीन आहे तिच्यात आणि दोन आवाजांच्या मधे जी शांतता आहे तिच्यात. आणि गंमत सगळी कुत्र्याच्या अंगात ठेवलीय. हे दोन्ही वेगवेगळं ठेवलंय म्हणून ते एकमेकांना मारत नाही. बाकी 'हॉरर कॉमेडी' म्हणून जे बनतं त्यात विनोद आला की भीती गेली, भीती आली की विनोद गेला, इथं दोन्ही एका वेळी चालू असतं, वर कुत्रा नाचतोय आणि मागं ते आभाळ तसंच उभं आहे.

बॅकग्राउंड बघा की. अमेरिकेतलं कॅन्सस, सपाट माळ, मधोमध एक जुनाट घर, शेजारी पवनचक्की, बाहेर म्हाताऱ्याचा ट्रक, बास. गावाचं नावच 'नोव्हेअर'. क्षितिजाची रेघ बहुतेक वेळा खाली असते, म्हणजे अर्ध्याहून जास्त फ्रेम नुसतं आभाळ. आम्ही पोरांना शिकवतो की क्षितिज खाली घेतलं की माणूस लहान आणि एकटा दिसतो, इथं त्याचा वापर किती चोख केलाय ते बघा.

तुम्ही खानापूरच्या, तुमच्याकडची भीती म्हणजे जंगलाची, जांबोटीकडं संध्याकाळी गाडी काढली की झाडीत काय दडलंय दिसत नाही, चकव्याच्या गोष्टी तिथं बरोबर रुजतात. पण आपल्याच जिल्ह्यात पूर्वेला जा, बैलहोंगल, सौंदत्तीकडं, काळ्या मातीचं रान, ज्वारी काढून झालेली, चारी बाजूंनी मोकळं आणि मधे एखादं शेतातलं घर. तिथं दडायला जागाच नाही, सगळं लांबपर्यंत दिसतं, आणि तरी रात्री त्या घरात राहायचं म्हटलं तर पोटात गोळा येतो. कारण तिथली भीती 'काय दडलंय' याची नाही, 'हाक मारली तर येणार कोण' याची आहे. करेजची भीती ही दुसऱ्या जातीची आहे. मी मागं शाळेतल्या पोरांना दोन्ही प्रकारची चित्रं काढायला लावली होती, खानापूरकडच्या पोरांनी झाडं काढली आणि बैलहोंगलकडच्या एका पोरानं कागदावर एक रेघ आणि एक चौकोन काढून दिला, मी म्हटलं तुला आणखी काही शिकवायची गरज नाही.

म्हणून पहिली तांत्रिक सूचना, आणि ही खरंच मनावर घ्या. मालिका जुन्या टीव्हीच्या चौकोनी मापाची आहे, ४:३. आताच्या लांब टीव्हीवर लोक ती ताणून बघतात किंवा वरखाली कापलेली कॉपी बघतात. ताणली की कुत्रा जाडा दिसतो, ते एक वेळ चालेल, पण कापली की वरचं आभाळच जातं आणि आभाळ गेलं की भीती गेली. दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या दिसू देत, तेच बरोबर आहे. आणि नव्या टीव्हीत ते मोशन स्मूद करायचं सेटिंग असतं ते बंद करा. हातानं काढलेल्या ॲनिमेशनमध्ये सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे साधारण १२ चित्रं. टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनानं भरायला लागला की सगळं साबणासारखं बुळबुळीत होतं, आणि करेज जिथं एकदम गोठून उभा राहतो तो गोठलेपणाच राहत नाही.

दुसरी गोष्ट, वेगवेगळं मटेरियल. घर, कुत्रा, म्हातारा-म्हातारी हे हातानं काढलेलं, गोल, मऊ. पण काही काही वेळा जे बाहेरून येतं ते दुसऱ्याच पद्धतीनं बनवलेलं असतं. 'किंग रॅमसिस' आठवतोय ना? तो इजिप्तचा राजा, शिळा परत द्या म्हणून रात्री माळावर येऊन उभा राहतो तो. तो कंप्युटरवर बनवलेला, थ्रीडी, आणि त्या काळातलं थ्रीडी, म्हणजे आताच्या हिशोबानं कच्चं. तो चालतपण नाही धड, जागच्या जागी डुलतो, आणि आवाज एकदम शांत, खोल. माझी पोरं म्हणतात सर हे किती जुनं वाटतंय, मी म्हणतो जुनंच वाटायला पाहिजे, तो मेलेला माणूस आहे रे. पण खरं कारण वेगळं आहे. आपला डोळा एका चित्रात एका जातीची रेघ धरून चालतो, त्यात मधेच दुसऱ्या जातीची वस्तू आली की डोळ्याला कळतं की हे इथलं नाही, का ते सांगता येत नाही पण अंगावर काटा येतो. म्हणजे भीतीदायक तोंड काढायची गरजच पडली नाही, नुसती वेगळ्या दुनियेतली वस्तू या दुनियेत आणून ठेवली.

असंच चंद्राचं. एका भागात युस्टेस शेतात काही पिकवत नाही म्हणून सुगीच्या चंद्राचा आत्मा घराबाहेर काढायला येतो, तो म्हणजे खऱ्या माणसाचा पांढराफटक चेहरा, कार्टूनच्या आभाळात लोंबणारा. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांनी हा भाग जरूर बघावा, रानात काही न पिकवणाऱ्याकडं आभाळ जाब विचारायला येतंय, ही कल्पना आपल्याकडं कुणालाही पटकन पोचते.

आणि रॅमसिसच्याच गोष्टीत बघा विनोद कसा घुसवलाय. शिळा विकून पैसे येतील म्हणून म्हातारा द्यायला तयार नाही, मग राजा तीन संकटं पाठवतो, पहिलं पुराचं पाणी, तिसरं टोळधाड, आणि मधलं काय तर एक भयानक गाणं, रेकॉर्डवर लावून ठेवलेलं! म्हणजे दोन संकटं पुराणातली आणि मधलं शेजारच्या मांडवातलं. लहानपणी मी त्या गाण्यावर हसलो असतो की नाही माहीत नाही, आता दर गणपतीत आठवतं.

तिसरी गोष्ट आवाज, आणि इथं मी जरा जास्त वेळ घेणार. एक भाग आहे, 'फ्रीकी फ्रेड'. म्युरियलचा भाचा येतो पाहुणा म्हणून, न्हावी आहे, तोंडावर एकच हसू चिकटवलेलं, आणि त्याला लोकांचे केस भादरायचा नाद. सगळा भाग त्याच्या मनातल्या बोलण्यावर चालतो आणि ते बोलणं यमक जुळवलेल्या कवितेत. रक्ताचा एक थेंब नाही, कुणी मरत नाही, कुणाला मारत नाही, कुत्र्याला बाथरूममध्ये गाठून त्याचे केस काढतो, एवढंच. आणि तरी हा भाग लोक वीस वर्षांनी विसरले नाहीत. का? एक तर चेहरा हलत नाही आणि आवाज चालू राहतो. ओठ आणि आवाज यांची फारकत केली की माणूस आतनं कोण आहे ते कळेना होतं. आणि दुसरं, यमक. यमक ऐकलं की आपल्या कानाला पुढचा शब्द कधी येणार ते कळतं, म्हणजे वस्तरा कधी लागणार ते आपल्याला आधीच कळतंय आणि आपण थांबवू शकत नाही. एकदा हा भाग डोळे मिटून नुसता ऐका. मग एकदा आवाज बंद करून बघा. आवाज बंद केलात तर एक हसरा माणूस एका कुत्र्याची हजामत करतोय, बाकी काही नाही. तेव्हा कळतं किती काम आवाजानं केलंय. संगीत जोडी ग्रे आणि अँडी एझ्रिन या दोघांचं, त्यांचं नाव फार कुणी घेत नाही, घ्यायला पाहिजे.

हे काही अमेरिकेतल्या लोकांनी लावलेला शोध नाही बरं का. आपल्याकडनं आंबोली उतरून कुडाळजवळ पिंगुळीला जा, तिथं ठाकर लोकांची चित्रकथी आहे. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं एकेक करून समोर धरतात आणि वाद्यावर गात गोष्ट सांगतात. चित्र हलत नाही, एकच चित्र समोर आणि आवाज पुढं चाललेला, आणि बघणाऱ्याला ते चित्र हलल्यासारखं वाटतं. परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ ला पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडं कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यापण आहेत. मी दरवर्षी पोरांना सांगतो की सॉफ्टवेअर शिकायच्या आधी तिकडं जाऊन या, थांबलेलं चित्र किती वेळ धरून ठेवायचं हे तिथं कळतं. स्टुडिओत आम्ही त्याला 'होल्ड' म्हणतो. करेजमध्ये होल्ड फार धाडसानं वापरलेत, दार उघडतं आणि काही होत नाही, तसंच राहतं, आणि आताचा एडिटर असता तर तेवढ्यात चार कट मारले असते.

बाहुल्यांवरनं आठवलं, 'द ग्रेट फुसिली' हा भाग. पहिल्या सीझनचा शेवट. एक मगर नाटक कंपनी घेऊन येते, फिरतं स्टेज, म्युरियल आणि युस्टेसला नटनटी करतो म्हणते, आणि नटलेल्यांच्या बाहुल्या करून टाकते, दोरीवरच्या. करेज मगरीला हरवतो, पण ते दोघं माणसात येत नाहीत. शेवटी कुत्रा घरी बसून त्या दोन बाहुल्या दोऱ्यांनी हलवतो, रोज घरात जे चालायचं तेच त्यांच्याकडनं करून घेतो. लहान मुलांच्या चॅनलवर! लहानपणी हे बघून मला फक्त 'अरे बाहुल्या' एवढंच वाटलं होतं. मोठेपणी बघितल्यावर सुचेना काही. घरातली म्हातारी माणसं गेल्यावर त्यांची खुर्ची, त्यांची चहाची वेळ जशीच्या तशी चालू ठेवणारी माणसं बघितलीत ना तुम्ही, तेच आहे ते. पुढच्या एपिसोडमध्ये सगळं परत नेहमीसारखं असतं, कुणी त्याचं नाव काढत नाही, हे तर आणखी बेकार.

मोठेपणी बदलतं ते हेच. राक्षस लहान होतात आणि घर मोठं होतं. युस्टेस बघा. लहानपणी तो विनोदी म्हातारा, हिरवं सोंग तोंडाला लावून कुत्र्याला घाबरवणारा. आता बघताना जाणवतं की राक्षस तर दर आठवड्याला वेगळा येतो आणि जातो, हा मात्र रोज खुर्चीत बसलेला आहे. पेपर, जेवण, पैसे, आणि कुत्र्यावर डाफरणं. बिचाऱ्या कुत्र्याला बाहेरच्यापेक्षा घरातलंच ओरडणं जास्त खायला लागतं, आणि तरी तो दर वेळी त्यालासुद्धा वाचवतो, म्युरियलच्या जिवासाठी. माझ्या मते मालिकेतलं सगळ्यात अवघड नातं हे आहे, बाकी सगळे राक्षस त्याच्यापुढं पाहुणे.

'द मास्क' नावाचा मोठा भाग आहे चौथ्या सीझनमध्ये, पांढरा मुखवटा घातलेली मांजर येते, कुत्र्यांचा द्वेष करणारी, कारण तिची मैत्रीण एका गुंड कुत्र्याच्या तावडीत अडकलीय, तो तिला मारतो, कोंडून ठेवतो. हा भाग तुम्ही आधी एकट्यानं बघा. पोरासोबत बघायचा तर बघून झाल्यावर बोलायची तयारी ठेवा. आणि 'रिमेम्ब्रन्स ऑफ करेज पास्ट', ज्यात करेज पिल्लू असताना त्याच्या आईबापाला एका दुष्ट डॉक्टरनं रॉकेटमध्ये घालून पाठवून दिलेलं कळतं, तो भाग रात्री लावू नका एवढंच सांगतो, घाबरून नाही, रडून झोप जाते.

आता कुत्र्याकडं येतो. करेज सुरुवातीच्या भागांत थोडं बोलतो, पुढं पुढं बोलणं कमी होत जातं, नुसता चित्कार, पुटपुटणं, आणि म्युरियलला धोका सांगायचा म्हणजे स्वतःच अंगानं त्या राक्षसासारखा होऊन दाखवतो. अंग ताणतं, चेपतं, दात बाहेर, डोळे बाहेर. आमच्या भाषेत स्क्वॉश आणि स्ट्रेच, ॲनिमेशनचा पहिला धडा. पण इथं त्याचं काम हसवण्यापुरतं नाही. सांगता येत नाही म्हणून तो असा होतो, आणि इतका जीव तोडून सांगूनसुद्धा समोरच्याला कळत नाही. आपल्या भागातल्या पोरांना हे फार लवकर समजतं असा माझा अनुभव आहे. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्लिश, टीव्हीवर हिंदी, त्यामुळं एखादी गोष्ट सांगायला गेलं की हातवारे आधी येतात. माझ्या क्लासमध्ये मराठी आणि कन्नड घरची पोरं मिसळून बसतात, हा कार्यक्रम लावला की कुणीच कुणाला अर्थ विचारत नाही.

तर पोरासाठी क्रम. आठ वर्षांचं आहे म्हणजे 'द हंचबॅक ऑफ नोव्हेअर'नं सुरू करा, कुबड असलेला एक बिचारा माणूस घरी येतो, युस्टेस त्याला हिणवतो आणि करेजची त्याच्याशी दोस्ती होते. दिसायला भीतीदायक आणि मनानं मऊ, मालिकेचा स्वभाव त्यात कळतो. मग पहिलाच एपिसोड, कॅट्झ नावाच्या दुष्ट मांजराचं मोटेल, त्यातले कोळी त्याला आवडतील. मग रॅमसिस, पण दिवसा, आणि गाणं आलं की तुम्ही पण हसा, मोठी माणसं हसली की पोरांची भीती अर्धी होते. फ्रेड, फुसिली आणि मास्क दोनतीन वर्षं थांबवा. मोठ्या शहराचा एक भाग आहे, 'बिग स्टिंकिन सिटी'चा, त्यात एक दार उघडल्यावर व्हायोलिन वाजवणारी मुलगी दिसते, त्या जागेला मी अजून दचकतो, तो पण थांबवा.

शेवटचा भाग 'परफेक्ट' याबद्दल लोक वाद घालतात. एक कडक बाई करेजला सगळं बिनचूक करायला शिकवायला येते, त्याला चुका करायची इतकी भीती बसते की स्वप्नात निळसर, कंप्युटरवर बनवलेला एक आकार येऊन सांगतो तू परफेक्ट नाहीस. ते दृश्य लहान पोराला लागतं, खरं आहे. पण पुढं बाथटबमधला मासा जे समजावून सांगतो ते ट्यूशन आणि मार्कांच्या कचाट्यातल्या पोरांनी ऐकलंच पाहिजे, म्हणून मी हा भाग थांबवत नाही, शेजारी बसून दाखवतो.

एक विनंती, तुकडे बघू नका. मोबाईलवर 'सगळ्यात भीतीदायक दहा सीन' असले व्हिडिओ फिरतात, त्यात फक्त राक्षस असतो, आधीची शांतता कापलेली असते. म्हणजे मी वर जे सगळं सांगितलं तेच कापून टाकलेलं. एका बसण्यात एक गोष्ट, फार तर दोन. सलग सहा बघितल्या की रचना कळायला लागते, राक्षस येतो, म्युरियल अडकते, कुत्रा धावतो, आणि मजा उतरते. आम्ही आठवड्यातनं एकदाच बघायचो म्हणून ते टिकलं होतं.

मालिकेनंतर २०१४ ला 'द फॉग ऑफ करेज' म्हणून एक स्पेशल आला, पूर्ण थ्रीडी. तो बघून मला वर सांगितलेलं जास्तच पटलं, कारण सगळंच थ्रीडी केल्यावर भूत आणि कुत्रा एकाच मातीचे झाले. वाईट नाही, पण काटा येत नाही. २०२१ ला स्कूबी-डू या दुसऱ्या कार्टूनमधल्या कुत्र्याबरोबरचा सिनेमा आला, म्युरियलचा आवाज देणाऱ्या थिया व्हाइट त्याच वर्षी गेल्या, त्यांचा आवाज ऐकायचा म्हणून बघा, बाकी पोराला स्कूबी आवडत असेल तरच.